गाडीपाशी कोण उभं राहायचं

बागेच्या मोठ्या फाटकावर यंदा फ्लेक्स लागला होता. जुन्या गाड्यांची वार्षिक रॅली, त्याखाली चार-पाच गाड्यांचे फोटो, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात रॅलीचा इतिहास. मी सातवी शिकलेली बाई. बारीक अक्षर मला बोट फिरवत वाचावं लागतं, पण वाचल्याशिवाय मी पुढं जात नाही. लिहिलं होतं की शहरातल्या काही हौशी गाडीमालकांनी एकत्र येऊन ही रॅली सुरू केली.

खोटं आहे ते. मी तिथं होते.

नावं मी लिहिणार नाही. ज्यांची त्या फ्लेक्सवर यायला हवी होती त्यांची आली नाहीत, मग ज्यांची आली त्यांची मी कशाला परत छापू? आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. माझं पोट याच लोकांच्या गाड्यांवर आहे. मी जुन्या गाड्यांच्या सीटा शिवते. कुशन, दाराच्या आतल्या गाद्या, छताचं अस्तर, जे जे गाडीत मऊ असतं ते माझ्याकडं. हे लिहिताना सुद्धा दोनदा उठून दार लावून आले, जणू कुणी खिडकीतून वाचतंय.

मी मूळची पुसदकडची. आठवीचा वर्ग गावात नव्हता, त्यामुळं शाळा सातवीलाच संपली. लग्न झालं, नवऱ्याला कोल्हापुरात फौंड्रीत काम मिळालं, आणि उद्यमनगरातल्या एका गॅरेजच्या मागच्या खोलीत आमचा संसार लागला. माझ्या गावापासून हे इतकं लांब की आईला कुठं आहे ते सांगताना मी नुसता हात करायचे, तिकडं, खाली. पहिले सहा महिने मी रोज घाबरलेली होते. इथली माणसं साधं बोलली तरी मला भांडण चालू आहे असंच वाटायचं. एकदा गॅरेजवाल्या मिस्त्रींची बायको दारातून ओरडली, "जेवलीस का न्हाईस गं?" मी रडायलाच लागले. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. ती बाई आत गेली आणि भाकरी, पातळ आमटी आणि कांदा घेऊन आली. "रडत रडत खा, पन खा," म्हणाली. त्या भाकरीचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी आनंदानं बाळगते.

मिस्त्रींना मी मामा म्हणायचे. त्यांचा कुशनवाला एका गाडीचं काम अर्ध्यात टाकून पुण्याला निघून गेला, आणि पोट फाडलेली सीट आठवडाभर अंगणात पडून राहिली. मी येता जाता तिच्याकडं बघायचे. आतला काथ्या बाहेर आलेला, स्प्रिंगा उघड्या. शेवटी न विचारताच घरातलं दाभण आणि सुतळी घेऊन बसले. मामा आले, उभे राहिले. मी हात काढून घेतला. म्हणाले, "काढू नको. चालू दे. स्प्रिंग आधी बांधायची असतीया, मग काथ्या." तेवढंच. माझी नोकरी लागली ती अशी.

आता रॅलीचा इतिहास सांगते.

मामांची एक पद्धत होती. गाडी दुरुस्त झाली की लगेच मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती बागेत न्यायची, आतल्या गोल रस्त्यावरनं हळू फिरवायची आणि मग झाडाखाली इंजिन चालू ठेवून तासभर उभी करायची. "तापायची आसंल तर हितं तापू दे," म्हणायचे. "मालक सासरवाडीला निघाल्यावर वाटंत नको." बागेचा माळी गाडीत ओतायला झारीनं पाणी द्यायचा. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी ते बघितलं आणि तेही यायला लागले. दसऱ्याला गाडीची पूजा असते, सगळ्यांना त्याआधी गाडी हवी असते. म्हणून दसऱ्याआधीच्या रविवारी नुकतंच काम झालेल्या गाड्यांची बागेत रांगच लागायची. फिरायला येणारी माणसं थांबून बघायला लागली. आपली गाडी लोक बघतात हे कळल्यावर मग मालक आले, तेही तिसऱ्या वर्षी. हौशी होते, चांगली माणसं होती, नाही म्हणत नाही. पण आले ते तिसऱ्या वर्षी.

त्या दिवसाचा एक रिवाज होता. बॉनेट उघडं ठेवायचं, आणि गाडीपाशी मालकानं नव्हे, जिचं-ज्याचं काम तिनं-त्यानं उभं राहायचं. मालकानं बाकावर बसायचं. आणि कुणीही, अगदी कुणीही येऊन विचारलं तर उत्तर द्यायचं.

"मिस्त्री, ह्यो टकटक आवाज कसला यालाय?" एकदा फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं.

"इंजिनातल्या टॅपेटचा हाय, बाबा. माझं चुकलंय. बुधवारी खोलतो."

"आन मालकाला म्हाईत हाय का?"

"आता झालं की. त्यो बघा बाकावर, ऐकालाय."

भोवती तीस-चाळीस माणसं हसली. बाकावरचा मालकही हसला. मी डबे घेऊन नळापाशी उभी होते. पुरुषमाणूस चारचौघांत माझं चुकलंय म्हणतो आणि तिथंच उभा राहतो, मान खाली न घालता, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. आमच्या घरी चूक झाली की ती बाईच्या नावावर जायची.

मामांना मी विचारलं होतं, मालकांना का नाही उभं करत? म्हणाले, "मालक नुसता बसतोय. त्याला काय इचारायचं? इचारायचं तर आमास्नी इचारा."

पण मला कुणी विचारत नव्हतं. माझं काम बॉनेटखाली नव्हतं, त्यामुळं बघणारे इंजिनाशी थांबायचे आणि सीटकडं एक नजर टाकून पुढं जायचे. मी नळापाशीच बरी होते. माझी जागा मला मिळाली ती एका चुकीनं, आणि ती चूक कोल्हापुरातच होऊ शकते.

शिरोळकडचे एक मालक होते, ऊसवाले. वडिलांची काळी विलायती गाडी त्यांनी मामांकडं दिली होती. तिच्या सीटा मी केल्या. जुना काथ्या काढला, नवा भरला, वर फोमचे दोन थर दिले, कडेला गोठ घातल्यासारखं पायपिंग. उंची बरोबर आहे का हे बघायला स्वतः बसून बघितलं. छान होती. रविवारी मालक आले ते गुलाबी फेटा बांधून, आणि बागेत शिरताना गाडी स्वतः चालवत. फेटा छताला टेकला. काढता येईना, कारण फोटो काढायला गावाकडची माणसं आली होती. मग गृहस्थ सबंध बाग मान तिरकी करून फिरले.

"काय ओ," कुणीतरी रस्त्यावरनं ओरडलं, "मान आवघडली काय?"

"न्हाय न्हाय," दुसरा म्हणाला, "गाडीला मुजरा करालेत!"

गाडी थांबली. मालक उतरले, फेटा एका बाजूनं चेपलेला. मामांनी सीटकडं बघितलं, छताकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुशन कुणी केलंय, त्यानं हितं यायचं."

नळापासून त्या गाडीपर्यंत वीसेक पावलं असतील. तेवढ्यात मी मनात ट्रंक भरली, खोली रिकामी केली आणि नवऱ्याला काय सांगायचं तेही ठरवलं. गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

"व्हय वैनी," मालक म्हणाले, "माझ्यावर काय राग हाय काय?"

"बसून पाहिलं होतं मी," म्हटलं. "पण माझ्या डोक्यावर पदर होता. फेटा नव्हता."

लोक पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. "उद्या दोन इंच उतरवायचं," म्हणाले. मी वळले तर म्हणाले, "निघाली कुठं? हितंच उभी ऱ्हा. अजून कोन तरी इचारंल."

ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथं उभी होते. येणारा प्रत्येक जण फेट्याचं विचारत होता आणि प्रत्येकाला मी तेच सांगत होते, आणि दर वेळी ते सांगणं थोडं सोपं होत गेलं. नंतर एका बाईनं विचारलं, पायपिंग एवढं सरळ कसं येतं? ते मी तिला बोटानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सीट दोन इंच उतरवली. त्यानंतर दरवर्षी मी गाडीच्या डाव्या दाराशी उभी राहिले.

सांगायचं हे आहे की ती जागा मानाची नव्हती. जाब द्यायची होती. हार नव्हता, सत्कार नव्हता. पण जिला जाब विचारतात तिनं काम केलं आहे हे सगळ्यांना मान्य असतं. मला आयुष्यात एवढं कुणी मानलं नव्हतं.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते होते तोवर गाड्यांभोवती दोरी नव्हती. ते गेल्यावर कमिटी झाली, आणि कमिटी झाल्यावर दोरी आली. आधी म्हणाले पोरं गाड्यांवर चढतात म्हणून. ते खरंही होतं. मग गाड्यांची स्पर्धा लागली, काचेवर नंबर आले, आणि दोरीच्या आत फक्त मालक. मग बॉनेट बंद, कारण वरून ड्रोननं चित्र घेताना उघडी बॉनेटं बरी दिसत नाहीत. आम्हाला निळे टी-शर्ट दिले, पाठीवर 'मदतनीस' लिहिलेले, आणि दोरीबाहेर उभं केलं. इंजिनवाले, पत्र्याचं काम करणारे, रंगवाले, रेडिएटरवाले, सगळे. पंचवीस-तीस वर्षं हात काळे केलेली माणसं, आणि काम काय, तर येणाऱ्यांना दुचाकी कुठं लावायची ते सांगणं.

दोन वर्षं मी पण सांगितलं. "इकडं लावा, तिकडं लावा." टी-शर्ट साडीवरून घातला. गप्प राहिले ते राहिले, त्याला उगीच रंग देणार नाही. नवऱ्याची कंबर फौंड्रीत गेली, आता कमावणारी मीच. कमिटीतल्या एकानं जरी तोंड फिरवलं तरी तीन गाड्या जातात.

यंदा ती काळी गाडी पुन्हा माझ्याकडं आली. शिरोळचे मालक आता थकलेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. दर हंगामात त्यांच्याकडनं मला काकवीचा डबा येतो, एकही वर्ष चुकलेलं नाही. त्यांचा मुलगा आता कमिटीचा सेक्रेटरी आहे. त्यानं सांगितलं, सगळं नवं करा, अस्तरासकट. चार महिने काम केलं. छताचं अस्तर मान वर करून शिवावं लागतं, संध्याकाळी खाली बघितलं तरी आभाळ फिरायचं. चष्म्याचा नंबर वाढला. त्या चार महिन्यांत कधीतरी माझ्या मनानं ठरवलं असावं, मला न विचारता.

रविवारी सकाळी दाराच्या गादीचे शेवटचे खिळे राहिले होते, म्हणून मी मागच्या सीटवर बसूनच बागेत आले. सेक्रेटरी चालवत होता. गाडी दोरीच्या आत लागली. मी खिळे मारले, हातोडी पिशवीत टाकली आणि उतरून डाव्या दाराशी उभी राहिले.

"मावशी, झालं न्हवं?" तो म्हणाला. "आता बाहेर चला. पावणं यायच्या आत रांग मोकळी करायचीय."

"इथंच थांबते."

त्याला वाटलं मी सावलीसाठी म्हणतेय. "तिकडं मंडप घातलाय की. खुर्च्या हाईत."

"सावली नको. गाडीपाशी थांबते. काम माझं आहे."

"आवो, आत मालकांनीच थांबायचं असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"कमिटीनं."

"कमिटीत सुई धरणारं कोण आहे?"

तो हसला. मग मी हसत नाही हे त्याला दिसलं. "मावशी, तुमास्नी काय कमी केलंय आमी? टी-शर्ट दिला, जेवनाचं कुपन दिलं. सगळ्यांच्या म्होरं आसं का कराल्यासा?"

दोरीपलीकडून रेडिएटरवाले भाऊ हाक मारत होते. आम्ही एकाच अंगणात काम करत म्हातारे झालो. "वैनी, या की हिकडं! कशाला उगंच?"

माझे हात घामानं ओले झाले होते. दाराला टेकले तर पॉलिशवर ठसा उठेल म्हणून पदरात धरले होते. आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून मी माझ्या गावाकडच्या बोलीत गेले. इतक्या वर्षांत चारचौघांत ती बोलले नव्हते, कारण इथं हसतात.

"मी काहून जाऊ बाहेर? सीट टोचली, उसवली, त लोकायनं कोणाले विचारावं? तुमाले? तुमी काय सांगसान?"

कुणी हसलं नाही.

सेक्रेटरीनं मागं बघितलं. आबा हिरवळीवर खुर्चीत बसले होते. सगळ्यांनीच त्यांच्याकडं बघितलं, आणि मीही. मनात म्हटलं, आता हे बोलतील. फेट्याच्या दिवशी हे होते, यांना सगळं माहीत आहे.

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "वैनी," म्हणाले, "पोराचं ऐक. त्याचा मान ऱ्हाऊ दे."

ते मला लागलं. अजून लागतं. ते माझं काही देणं लागत नव्हते, मीच त्यांचं लागत होते. पहिल्या चुकीनंतर दुसऱ्या कुणी काम काढून घेतलं असतं, यांनी पुढच्या सगळ्या गाड्या मला दिल्या. मी पुढं होऊन त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "आबा, तुमचे उपकार मी विसरणार नाही." आणि परत येऊन दाराशी उभी राहिले. उपकार वेगळे आणि जागा वेगळी. ती त्यांनी दिली नव्हती, त्यामुळं त्यांना परत मागता येत नाही.

"मग गाडी स्पर्धेतनं काढावी लागंल," सेक्रेटरी म्हणाला. आवाज चढला होता, पण स्वतःचीच गाडी काढायची होती, त्यामुळं चेहरा पडला होता.

"काढा."

त्यानं खरंच काचेवरचा नंबर ओढून काढला. मग मी पुढं जाऊन बॉनेटची कडी काढली आणि बॉनेट उघडं केलं. दोनदा कडी निसटली. तोवर लोक जमलेच होते. दोन कॉलेजच्या मुली होत्या, एकीनं मोबाईल धरला होता. तिनं विचारलं, "मावशी, हे पुढचं पितळेचं काय आहे? किती चकचकीत!"

"रेडिएटर. पाणी थंड करतो."

"तुम्ही केलं?"

"नाही. ते बघ, निळा टी-शर्ट, पांढऱ्या मिशा. त्यांना विचार."

मुलगी वळली. दोरीकडं चालत गेली आणि भाऊंना विचारायला लागली. भाऊंनी तिथूनच दोन वाक्यं सांगितली, पण दोरीपासून गाडी लांब, मुलीला कळेना कुठली नळी म्हणतायत. भाऊ बोट दाखवून दाखवून कंटाळले. मग इकडं तिकडं बघितलं, "च्यायला!" म्हणाले, आणि दोरीखालून वाकून आत आले. वाकताना गुडघा धरला. माझ्याकडं न बघता सरळ इंजिनापाशी गेले आणि त्या मुलीला सांगायला लागले की जुनी जाळी कशी कुजली होती, ती कशी बसवली, आणि एका कोपऱ्यात जोडाची झाळ जरा जाड आलीय.

"तेवढं चुकलंय," म्हणाले.

त्यांच्यामागं रंगवाला आला. बाकीचे आले नाहीत. त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, दोन वर्षं मीही आले नव्हते. पाहुणे आले, ड्रोन उडाला, वरून काय दिसलं असेल ते असो. एका बाईनं दाराची गादी दाबून विचारलं, इथं टाका जरा मोठा का आहे? मशीनची सुई मोडली होती, तेवढा भाग हातानं घेतला, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कळतंय." मी म्हटलं, "हो, कळतंय."

त्याला आता महिना झाला. ठरलेल्या दोन गाड्या माझ्याकडं आल्या नाहीत. काकवीचा हंगाम अजून यायचाय, बघू. झोप नीट लागत नाही, मशीनवर बसलं की फोन वाजल्याचा भास होतो. परवा कमिटीकडून एक छापील कागद आला. पुढच्या वर्षी मदतनीस म्हणून यायचं असेल तर दोरीच्या बाहेर थांबेन असं कबूल करून सही करायची, नाहीतर फाटकातून आत सोडणार नाहीत. भाऊंनाही आलाय. त्यांनी विचारलं, "वैनी, काय करायचं?"

मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यावर रॅली कशी सुरू झाली ते लिहायला घेतलं, पहिल्या वर्षापासून, माळ्याच्या झारीसकट. कागद पुरला नाही, म्हणून वही आणली. सही केलेली नाही, करणारही नाही. त्या बागेत जायला मला मदतनीस व्हायची गरज नाही. ती बाग सगळ्यांची आहे, फिरायला जाणाऱ्याला पास लागत नाही. दसऱ्याआधीच्या रविवारी सकाळी मी फिरायला जाईन. त्या वर्षी माझ्याकडं एकही गाडी आली नसली तरी आत जुन्या सीटा तर असतीलच. त्यातल्या अर्ध्या मी शिवल्यात. त्यांच्यापाशी जाऊन उभी राहीन, आणि कुणी विचारलं तर सांगेन.